आयव्हीएफ चालू आहे, सगळे म्हणायलेत "टेन्शन घेऊ नको", पण घेऊ नको म्हणजे नेमकं करू काय?

औशाची_लेक

नमस्कार सगळ्यांना. वय ३२, लग्नाला सात वर्षं झाली. तीन आययूआय (ह्यांचं वीर्य नळीनं गर्भाशयात सोडतात ते) फेल गेले, आता लातूरला आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचं चालू केलंय, आज अंडी वाढवायच्या इंजेक्शनचा सहावा दिवस. आम्ही औशाजवळ एका गावात राहतो, घरात नऊ माणसं, आणि ह्यातलं खरं काय ते फक्त मला, ह्यांना आणि माझ्या आईला माहितीय. बाकीच्यांना एवढंच की "दवाखाना चालू आहे". इंजेक्शनचं पेन फ्रीजमधी दुधाच्या पिशवीमागं एका जुन्या मसाल्याच्या डब्यात ठेवलंय. रात्री आठला मोबाइल वाजला की डबा पदराखाली घेऊन न्हाणीघरात जायचं, बर्फाचा तुकडा पोटावर धरायचा, टोचायचं, आणि बाहेर येऊन भाकरी थापायला बसायचं. रोजचं झालंय, त्याचं आता काही वाटत नाही.

प्रॉब्लेम रात्रीचा आहे. तीनला डोळा उघडला की उघडलाच. मग हिशोब चालू, किती फॉलिकल (अंड्याच्या पिशव्या) दिसले, उजव्या बाजूला चारच काहून, सोयाबीन विकून भरलेले पैसे वाया गेले तर ह्यांना काय तोंड दाखवू, हे आणि ते. सकाळी उठले की जबडा दुखतोय, म्हणजे झोपेत दात आवळून धरायलेय मी.

आणि जो तो म्हणतोय टेन्शन घेऊ नको, टेन्शन घेतलं की राहत नाही. आई म्हणती, डॉक्टर बाई म्हणल्या, परवा तर काउंटरवर रिपोर्ट देणारी पोरगी सुद्धा म्हणली "मॅडम रिलॅक्स राहा हां". आता मला टेन्शनचंच टेन्शन यायलंय. म्हणजे उद्या फेल गेलं तर ते पण माझ्यामुळंच असं होणार.

मोबाइलवर एक मेडिटेशनचं ॲप घेतलं. त्यातली बाई म्हणती डोळे मिटा, समुद्रकिनारा डोळ्यासमोर आणा. मी समुद्र जन्मात दोनदा बघितलाय. माझ्या डोळ्यासमोर आमची विहीर येती, विहिरीवरून मोटर आठवती, मोटरवरून लाइट बिल. झालं मेडिटेशन.

तर ज्यांनी हे सगळं काढलंय त्यांनी सांगा, खरंच कशानं बरं वाटलं? वेगळी खोली नाही, मेणबत्ती-अगरबत्ती लावून बसायची सोय नाही, सासूबाई लगेच विचारतील काय चाललंय म्हणून.

गोदाकाठ_नांदेड

अगं तुझं वाचून मला माझंच वाटलं, फक्त माझं पेन मसाल्याच्या नाही, मेंदीच्या डब्यात होतं 😄

तुला पहिले एक सांगते मग बाकीचं. माझा पहिला ट्रान्सफर, म्हणजे तयार झालेला गर्भ पिशवीत सोडतात तो, झाला तेव्हा मी अशी शांत होते की विचारू नको, नोकरीतून सुट्टी, आईकडं राहायला, सकाळी योगा, संध्याकाळी हरिपाठ, रडायचं नाही भांडायचं नाही. निगेटिव्ह. दुसऱ्या वेळी घरात नणंदेच्या लग्नाचा गोंधळ, नवऱ्याशी अबोला, बीटाच्या (राहिलं का बघायची रक्ततपासणी) आदल्या रात्री तर मी मोरीत बसून अर्धा तास रडले. ती माझी पोरगी आता बालवाडीत जाते. एका बाईच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही हे कळतं मला, पण माझ्या डोक्यावरचं ओझं तेव्हाच उतरलं की शांत राहणं ही काय फी नाही, भरली की बाळ मिळेल अशी.

आता माझा उपाय, हसू नको. मी "टेन्शनचा टाइम" ठरवला होता. रोज संध्याकाळी सहा ते सव्वासहा. शंभर पानी वही आणली, त्यात त्या पंधरा मिनिटात जे जे डोक्यात येईल ते लिहायचं, पैसे, सासू, नवरा, डॉक्टरांनी सोनोग्राफी बघताना भुवई उडवली ती कशाला उडवली, सगळं. सव्वासहाला वही बंद. रात्री तीनला विचार आला की मनातल्या मनात म्हणायचं, उद्या सहाला ये बाबा, आत्ता दुकान बंद आहे. पहिले चार दिवस काही उपयोग झाला नाही, पाचव्या-सहाव्या दिवसापासून थोडं थोडं जमायला लागलं. पूर्ण नाही, पण तीनचं उठणं होतं ते परत झोप लागण्याइतकं झालं. तुझ्या घरात वही सापडायची भीती असेल तर लिहून पानं फाडून चुलीत घाल, ते तर अजून बरं वाटतं.

आणि गुगल बंद कर. निदान ट्रान्सफरनंतर तरी. प्रोजेस्टेरॉनच्या (गर्भ टिकायला देतात ते हार्मोन) गोळ्या चालू असतात ना, त्यानंच छाती दुखते, पोट फुगतं, झोप येते, म्हणजे राहिलं असलं तरी तेच आणि नसलं तरी तेच. मी चौदा दिवस स्वतःच्या अंगावर सीआयडी लावली होती, हाती काय लागलं नाही.

निरोगी_काया_७७

ताई रोज सकाळी ३०० कपालभाती आणि रात्री दुधातून अश्वगंधा चालू करा, तणाव मुळापासून जातो. गोळ्या-इंजेक्शनांनी शरीर अजून बिघडतं. मन पॉझिटिव्ह ठेवलं की सगळं होतं.

सिस्टर_संभाजीनगर

वरच्या दादांचं कृपया ऐकू नका ताई. मी १४ वर्षं ह्याच लाइनमध्ये नर्स आहे, त्यातली सात आयव्हीएफ युनिटला, त्यामुळे जरा लांबण लावते.

इंजेक्शनचा सहावा दिवस म्हणजे तुमच्या ओव्हरी (अंडाशय) आता मोठ्या होत चालल्यात, एरवी बदामाएवढी असते ती लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी होते. अशात पोटाला झटके देणारं काहीही केलं, कपालभाती, भस्त्रिका, उड्या, जोरात पळणं, तर ओव्हरीला पीळ पडू शकतो, आणि पीळ पडला तर इमर्जन्सीत ऑपरेशन. रोज होतं असं नाही, पण कशाला विषाची परीक्षा. अश्वगंधा, कुठला काढा, झोपेची गोळी, काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. "नैसर्गिक आहे" म्हणून चालतं असं नसतं. आणि ज्या बायकांच्या डिप्रेशनच्या गोळ्या आधीपासून चालू आहेत त्यांनी मनानेच बंद करू नका, हे पण बऱ्याच जणी करतात.

आता टेन्शननं राहत नाही ह्याबद्दल. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०११ ला एक मोठा आढावा आला होता, १४ अभ्यास एकत्र करून, ३,५८३ बायका. ट्रीटमेंटच्या आधी कोण किती तणावात आहे ते मोजलं आणि मग बघितलं कोणाला राहिलं. तणावाचा आणि त्या सायकलच्या, म्हणजे त्या वेळच्या ट्रीटमेंटच्या, रिझल्टचा संबंध दिसला नाही. मी हे आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येकीला सांगते कारण बायका निगेटिव्ह आल्यावर मला विचारतात, सिस्टर मी त्या दिवशी रडले होते म्हणून झालं का हो. नाही ताई, त्यामुळे नाही झालं. बऱ्याच वेळा गर्भातच गुणसूत्रांची गडबड असते, ती तुमच्या रडण्यानं होत नाही आणि हसण्यानं सुधारत नाही.

मग रिलॅक्सेशन करायचं कशाला? तुमच्यासाठी. झोप लागावी, जबडा दुखू नये, आणि पहिली सायकल जमली नाही तर दुसरीला उभं राहायची ताकद राहावी म्हणून. कंटाळून, थकून मधेच ट्रीटमेंट सोडणारी जोडपी मी लई बघितलीत, त्यांचा मेडिकल चान्स चांगला होता.

तुमच्या जबड्यासाठी एक सांगते, हे झोपल्या झोपल्या होतं, शेजारच्याला कळत पण नाही. जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९२० च्या दशकात काढलेली पद्धत आहे. उताणं किंवा कुशीवर पडा. दोन्ही मुठी घट्ट आवळा, पाच-सात सेकंद, अगदी कोणी हातातला पैसा काढून घ्यायलंय अशा. मग एकदम सोडा आणि पंधरा-वीस सेकंद नुसतं बघा, हात कसे जड होतात, बोटांच्या टोकाला कसं कोमट वाटतं. मग खांदे कानापर्यंत उचला, सोडा. मग कपाळाला आठ्या घाला, सोडा. दात हळूच आवळा, सोडा, आणि सोडल्यावर जीभ खालच्या दातांमागं ठेवून तोंड किंचित उघडं राहू द्या, म्हणजे परत आवळता येत नाही. मग पायाची बोटं, पोटऱ्या. पोट मात्र सोडून द्या, पोट आणि ओटीपोट आवळायचं नाही, आत्ता पण नाही आणि एग पिकअपनंतरचे (अंडी बाहेर काढतात ते) काही दिवस पण नाही. ह्यातली गंमत अशी की नुसतं "सैल सोड" म्हणलं तर अंगाला कळतच नाही सैल म्हणजे काय, आधी आवळून दाखवलं की फरक कळतो.

एक महत्त्वाचं. पोट एकदम टम्म फुगलं, एका दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली, उलट्या, किंवा दम लागायला लागला तर "टेन्शनमुळे असेल" म्हणून प्राणायाम करत बसू नका, क्लिनिकला लगेच फोन. ते ओव्हरी जास्त उत्तेजित झाल्याचं लक्षण असू शकतं.

औशाची_लेक

सिस्टर, ती जिभेची आयडिया काल रात्री केली, खरंच जबडा कमी दुखला. फक्त सकाळी उशी ओली 🙈 आणि रडण्याचं वाचून मी परत रडले, पण वेगळं रडणं होतं.

एक विचारायचं राहिलं, ट्रान्सफरनंतर पंधरा दिवस पलंगावरून उतरायचं नाही असं आई म्हणती. मला तर पडून राहिलं की जास्तच विचार येतेत.

सिस्टर_संभाजीनगर

पडून राहायची गरज नाही. बेड रेस्टनं फायदा होत नाही हे बघून झालंय. गर्भ खसखशीच्या दाण्याहून बारीक असतो आणि गर्भाशय काही रिकामं मडकं नाही की उभं राहिलं की खाली पडेल, त्याच्या दोन्ही भिंती एकमेकीला चिकटलेल्या असतात. तिळगुळाच्या लाडूत अडकलेला तीळ कसा, लाडू हातात घेऊन गावभर फिरला तरी पडत नाही. जड उचलायचं नाही, हापशावरनं घागरी आणायच्या नाहीत, बाकी रोजचं हलकं काम, अंगणात फिरणं सगळं चालतं. आईंना सांगा सिस्टर म्हणली.

बीडचा_एक_नवरा

इथं सगळ्या ताया दिसतायत पण बोलतो. आमची दुसरी सायकल झाली, अजून नाही राहिलं, तिसरीचं दिवाळीनंतर बघू.

नवऱ्यांना वाटतं आपलं काम पैसे आणि गाडी. मी पण तेच करत होतो. बायको रडली की मी म्हणायचो "होईल गं सगळं नीट", आणि ती अजून चिडायची. मला कळायचंच नाही काहून चिडती. एक दिवस ती म्हणली, तू होईल म्हणतोस म्हणजे मला गप बस म्हणतोस. बरोबर होतं तिचं. तेव्हापासून मी "होईल" म्हणायचं सोडलं, नुसतं "हो का, अजून काय वाटतंय" एवढंच विचारतो. सोपं वाटतं, नाहीये. तोंडातून "होईल" निघतंच.

रोज संध्याकाळी आम्ही कंकालेश्वराच्या मंदिराकडं चालत जातो. पाण्यातलं मंदिर, तिथं दहा मिनिटं बसायचं, मोबाइल घरी. नियम एकच, जाताना ट्रीटमेंटचं बोलायचं, येताना नाही. येताना काय पण बोला, भाजी, राजकारण, शेजाऱ्याचं कुत्रं. आणि रात्री नऊनंतर तो विषय बंद म्हणजे बंद, कोणाच्या मनात आलं तरी सकाळी.

अजून एक, कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. वीर्याचं सॅम्पल द्यायच्या दिवशी त्या छोट्या खोलीत बाहेर दारावर टकटक चालू असताना काय हालत होती ती ज्याची त्याला माहिती. पहिल्या वेळी मला जमलंच नाही, पाऊण तास. घाम. बाहेर बायको ॲनेस्थेशियात आणि मी आत हा असा. शेवटी झालं कसं तरी. दुसऱ्या वेळी डॉक्टरांना सरळ सांगितलं, ते म्हणले अहो आधी सांगायचं, सॅम्पल आधीच घेऊन फ्रीझ करून ठेवता येतो. ठेवला, आणि पिकअपच्या दिवशी मजेत जमलं कारण डोक्यावर तलवार नव्हती. तर बाबांनो विचारा, लाजू नका. गुटखा मी त्याच वेळी सोडला, शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात म्हणून डॉक्टरांनी तेवढे आधी सोडायला लावला, सोडताना जी चिडचिड झाली त्याचं टेन्शन वेगळंच.

आणि ताई, तुमच्या ह्यांना सांगा की घरी "माझी पण तपासणी चालू आहे" असं एकदा मोठ्यानं म्हणा. मी म्हणलो. आमच्या आईचं बायकोला टोमणे मारणं निम्मं झालं त्या दिवसापासून. खरं-खोटं काय ते नंतर, आधी बायकोच्या अंगावरचं निम्मं आपल्या अंगावर घ्यायचं.

आजीचं_जातं

मी परभणीची, वय ५८, माझं हे सगळं होऊन गेलं, आता सुनेचं चालू आहे. मी सासू आहे हे आधीच सांगते, मारू नका 😀

आमच्या सुनेला योगाच्या मॅडमनी भ्रामरी सांगितली, कानात बोट घालून भुंग्यासारखं हूं करायचं. तिला लाज वाटायची. मग एकदा मी गहू निवडत बसले होते आणि सवयीनं ओवी गुणगुणत होते, ती म्हणली आई तुम्ही हेच तर करताय. खरंच की. आमच्या आया पहाटे जात्यावर बसायच्या, एक ओळ एका श्वासात, लांब सुर. म्हणजे श्वास घेणं झटक्यात आणि सोडणं सावकाश. मॅडम पण तेच म्हणल्या, श्वास सोडताना छातीचे ठोके जरा संथ होतात म्हणून सोडणं लांबवायचं. आमच्या आयांना ते काय माहिती नव्हतं, त्या आपल्या मनातलं जात्याला सांगायच्या, सासरचं, माहेरचं, आणि मूल नसलेल्या बाईचं पण. लई ओव्या आहेत तसल्या.

तर पोरी तुला खोली नाही म्हणतेस ना, भाकरी थापताना गुणगुण. धुणं वाळू घालताना गुणगुण. कोणाला काय कळतंय. गाणं येत नसेल तर असं कर, श्वास घेताना मनात एकदा विठ्ठल, सोडताना दोनदा सावकाश विठ्ठल विठ्ठल. श्वास कोंडून धरायचा नाही, जेवढा येतो तेवढाच. चक्कर आल्यासारखं वाटलं तर सोडून द्यायचं. सहा-सात मिनिटं पुरे. देवाचं नको असेल तर चारपर्यंत मोजून घे, सहापर्यंत मोजून सोड, विठोबा रागावत नाही.

आणि डोहाळजेवण, बारसं, ओटीभरणाला ह्या दिवसात नाही गेलं तरी चालतं. मी सुनेच्या वतीनं सांगते "तिला बरं नाही", मी एकटी जाऊन येते. तुझ्या सासूबाई कशा आहेत मला माहिती नाही, पण सासूला सांगितल्यावर कधी कधी ओझं कमी पण होतं. कधी वाढतं पण. ते तुझं तूच बघ.

सिस्टर_संभाजीनगर

काकू 🙏

एक राहिलं म्हणून परत आले. २०२१ च्या एआरटी कायद्यानुसार (आयव्हीएफसारख्या ट्रीटमेंटचा कायदा) क्लिनिकनं जोडप्याला कौन्सेलिंग द्यायचंच असतं. बऱ्याच ठिकाणी ते फॉर्मवर सही घेण्यापुरतं उरकतात, पण तुम्ही स्वतःहून मागू शकता, "मला कौन्सेलरशी वेगळं बोलायचंय" म्हणा. आणि दोन आठवडे सलग झोप नाही, जेवण जात नाही, किंवा जगून काय करायचं असले विचार यायला लागले तर श्वासाच्या व्यायामावर थांबू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, रात्री तीनला पण उचलतात आणि मराठीत बोलता येतं.

औशाची_लेक

पाच दिवस उत्तर देता आलं नाही, माफ करा. सगळं वाचत होते पण बसमधी बसून. एक दिवसाआड सोनोग्राफी, औसा-लातूर-औसा, अर्ध्या तिकिटामुळं बरं आहे नाहीतर दिवाळंच निघालं असतं.

काय काय केलं ते सांगते. ॲप काढून टाकलं. वही केली, तीन पानं चुलीत गेली. मुठी आवळायचं रोज रात्री करते, मांडीपर्यंत येईस्तोवर झोप लागती, काही दिवशी नाही लागत. विठ्ठल विठ्ठल बसमधी करते. सोनोग्राफीच्या टेबलावर पण केलं, डॉक्टर बाई म्हणल्या आज एकदम सैल पडलाय तुम्ही, लवकर झालं.

बीडच्या दादांचं ह्यांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवताना सगळ्यांसमोर म्हणले, "माझ्या पण तपासण्या चालू आहेत, हिला कोणी काही विचारू नका." सासूबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. मग त्यांनी माझ्या ताटात तूप वाढलं. बोलल्या काही नाहीत त्या पण.

काल रात्री साडेदहाला ट्रिगर (अंडी पिकवायचं शेवटचं इंजेक्शन) झाला. उद्या सकाळी साडेदहाला पिकअप, रात्री बारानंतर पाणी सुद्धा नाही. भ्या वाटायलंय. पण तीनला उठले तेव्हा हिशोब केला नाही, विहीरच डोळ्यासमोर आणली, मोटर बंद असलेली.

सिस्टर_संभाजीनगर

उद्या येताना बसनं येऊ नका हां, भुलीची गुंगी असते, गाडी सांगून ठेवा. बांगड्या, जोडवी घरी काढून जा, नेलपॉलिश पण. सैल गाऊन किंवा साडी, पोट जरा फुगलेलं असेल.

गोदाकाठ_नांदेड

आणि घरी काय सांगून निघणारेस?

औशाची_लेक

दाढ काढायची म्हणून सांगितलंय. सासूबाई म्हणल्या मी पण येते सोबत. आता बघा 😅